गाणी घरात हवीत

‘गाणी साठवायचे दिवस गेले. सगळं क्लाउडवर टाका आणि हवं तेव्हा तिथूनच वाजवा.’ रत्नागिरीतल्या आमच्या संगीतवेड्या मंडळींतही हा सल्ला आता ठामपणे दिला जातो. देणारे गाण्याबद्दल बेफिकीर नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर कॅसेट जमवल्या, सीडी विकत घेतल्या, कलाकारांच्या परवानगीने बैठकी ध्वनिमुद्रित केल्या, मग हे सगळं संगणकावर उतरवून चिकाटीने क्लाउडवर चढवलं. त्यांचं म्हणणं असं, की फोनमध्ये जागा अडत नाही, हार्ड डिस्क बिघडायची धास्ती नाही, एकच संग्रह घरात, गाडीत आणि मुंबईतल्या मुलाकडेही ऐकता येतो. मग तीच गाणी पुन्हा खाली उतरवून घ्यायचा खटाटोप कशासाठी?

हे म्हणणं मला मुळापासून चुकीचं वाटतं, आणि ते पटवून घेतल्याने होणारं नुकसान पुढे भरून निघणारं नाही. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. आधी वादाची हद्द आखून घेतो. नवी गाणी ऐकायला, अनोळखी गायक शोधायला स्ट्रीमिंग उत्तम आहे. मीही ते वापरतो. माझं बोलणं आपल्या स्वतःच्या संग्रहापुरतं आहे. तो क्लाउडवर असेल तर खुशाल असू द्या. पण तो अख्खा आपल्या घरातल्या यंत्रावर उतरवलेला असलाच पाहिजे, आणि रोजचं ऐकणंही तिथूनच झालं पाहिजे.

क्लाउड कायमचा आहे, असं या सल्ल्यात न बोलता धरून चाललेलं असतं. गेल्या दशक-दीड दशकाचा अनुभव नेमका उलटा आहे. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ या नावाने गाण्यांचं दुकान काढलं. तिथे गाणं विकत घेऊन त्याची एमपी३ फाइल आपल्याकडे ठेवता येत असे. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या होत्या, त्यांची गाणी आजही वाजतात. गूगल प्ले म्युझिकवर आपली स्वतःची ५०,००० गाणी चढवता येत असत, म्हणजे आमचे मित्र ज्या सोयीचं कौतुक करतात तीच सोय. २०२० च्या अखेरीस ती सेवा बंद झाली. संग्रह यूट्यूब म्युझिककडे हलवायला किंवा उतरवून घ्यायला मुदत मिळाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उरलेलं पुसून टाकण्यात आलं. ॲमेझॉननेही आपली अशीच सेवा २०१७ च्या अखेरीपासून गुंडाळायला घेतली. मायस्पेसने तर २०१९ मध्ये जाहीरच केलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत हरवलं. जगभरातल्या हौशी कलाकारांची बारा वर्षांची कमाई होती ती. आपल्याकडे रेसो जानेवारी २०२४ च्या अखेरीस बंद झालं आणि त्याच वर्षी एअरटेलने विंकही बंद करत असल्याचं सांगितलं.

यांतली बहुतेक नावं दिवाळखोरांची नाहीत. गूगल किंवा ॲमेझॉनला पैसे कमी पडले म्हणून या सेवा गेल्या नाहीत. त्यांचा हिशेब बदलला, एवढंच. त्यांनी शब्द मोडला असंही म्हणता येत नाही, कारण कायम सांभाळू असा शब्द त्यांनी कधी दिलेलाच नव्हता. आपण न वाचता मान्य केलेल्या अटींत सेवा बंद करायचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो. सूचना येते, पण ती ई-मेलने येते. आणि ती ई-मेल ज्याच्या नावावर येते, तो माणूस तोवर हयात असेलच असं नाही.

हा मुद्दा फारसं कुणी बोलत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्याकडे संग्रह करणारा बहुधा घरातला वडीलधारा माणूस असतो. कोकणातल्या कितीतरी घरांत आज म्हातारी माणसं इथे आणि मुलं पुण्या-मुंबईला किंवा आखातात असतात. पासवर्ड वडिलांच्या डोक्यात असतो. ते गेल्यावर घर आवरायला, कागदपत्रं मार्गी लावायला, सात-बाऱ्यावर नावं चढवायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्या धांदलीत वडिलांच्या गाण्यांच्या खात्याची आठवण कुणाला होणार? गूगलच्या नियमाप्रमाणे सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या सगळ्या ऐवजासकट, काढून टाकलं जाऊ शकतं; डिसेंबर २०२३ पासून ही कारवाई सुरू झाली आहे. खातं निष्क्रिय झालं तर ते कुणाला पाहता यावं, हे आधी नेमून ठेवायची सोय गूगलने दिली आहे, ती प्रत्येकाने वापरावी. पण कपाटातल्या डिस्कला तेवढीही तजवीज लागत नाही. ती मुलीच्या हाताला लागते, ती संगणकाला जोडते आणि वडिलांचा सगळा संग्रह तिला तिथे दिसतो.

दुसरं म्हणणं जास्त गोड आहे आणि म्हणून जास्त घातक आहे: ‘तुमच्या संग्रहातली निम्मी गाणी तर स्ट्रीमिंगवर सगळ्यांनाच मिळतात. स्वतःची फाइल हवी कशाला?’ स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. त्यानंतर काही आठवड्यांतच सारेगामाशी झालेला वाद न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी तिथून उतरली. जुन्या एचएमव्हीचा सगळा ठेवा आज सारेगामाकडे आहे, हे ध्यानात घेतलं की उतरलं म्हणजे काय उतरलं, ते कळेल. लताबाई, आशाबाई, बाबूजी (सुधीर फडके) यांच्या गाण्यांचा केवढा भाग त्यात येतो! करार झाला तो जून २०२० मध्ये. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणीही तिथून अशीच एका रात्रीत नाहीशी झाली आणि बोलणी झाल्यावर परतली. भांडण दोन कंपन्यांचं होतं. वर्गणी भरणारा रसिक त्यात कुठेच नव्हता. त्याला विचारलं गेलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं, कारण ती गाणी त्याची नव्हतीच.

परतलं तेही तेच होतं का, हे पाहायला आपल्याकडे मूळ प्रत हवी. शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. एकच पद दहा गायकांनी गायलेलं असतं, आणि एकाच गायकाने ते तबकडीसाठी तीन मिनिटांत, रेडिओसाठी दहा मिनिटांत आणि रंगमंचावर वन्समोअर घेत वीस मिनिटं गायलेलं असतं. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवरून एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात ५६ गीतं प्रसारित झाली, तेव्हा ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा वेगवेगळ्या गळ्यांतून आली. पुढे घराघरांत पोचलं ते सुधीर फडके यांनी एकट्याने गायलेलं ध्वनिमुद्रण. कुणाच्या संग्रहात आकाशवाणीवरच्या आवाजातलं एखादं गीत असेल, तर ॲपला गाण्याचं नाव सांगून ते मिळेल याची काहीच खात्री नाही. ॲपल म्युझिक २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा आपली फाइल आणि त्यांच्या भांडारातलं गाणं यांची जुळणी नावागावावरून होत असे. परिणामी मैफलीतल्या गाण्याच्या जागी दुसऱ्या यंत्रावर स्टुडिओतलं गाणं वाजलेलं लोकांनी अनुभवलं. २०१६ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष ध्वनी पडताळून जुळणी करायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण मधल्या वर्षात ज्यांनी ‘आता क्लाउडवर आहे’ म्हणून मूळ फाइल पुसली, त्यांचं गेलेलं कसं परत येणार?

इथवर मी बोललो ते बाजारात आलेल्या संगीताबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाच्या संग्रहात त्याहून मोलाचं काहीतरी असतं. गावच्या नमनातला गण आणि गवळण असते. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले यांनी रात्रभर एकमेकांना घातलेली कोडी आणि दिलेली उत्तरं असतात. शिमग्यात पालखी सहाणेवर आल्यावरचा ढोल-ताशा असतो. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे रंगलेलं भजन असतं, ज्यात बुवांचा आवाज बसलेला आहे आणि पखवाजवाल्याने तरीही लय उचलून धरली आहे. यातलं थोडंफार मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी कॅसेटवर आणलं, आता काही यूट्यूबवर दिसतं. पण आपल्या वाडीत, त्या वर्षी, त्या रात्री जे झालं, ते कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन टिपलं तेवढंच. त्याची जगात एकच प्रत असते. कंपनीच्या भांडारात नसल्यामुळे कुठली जुळणी होत नाही, कुठला करार होऊन ते परत येत नाही. ज्या संग्रहाचा हा गाभा आहे, तो फक्त एका दूरच्या सर्व्हरवर ठेवा असं सांगणाऱ्याने आपण काय सांगतोय याचा नीट विचार केलेला नाही, असं मी स्पष्टच म्हणतो.

आपल्या गावाशी जोडलेला एक दाखला देतो. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना ‘संन्यस्त खड्ग’ हे त्यांचं नाटक १९३१ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणलं. दीनानाथ १९४२ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज कानी पडतो तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमुळे. त्या काळातल्या तबकड्यांचा फार मोठा ठेवा सांभाळला तो सरकारने किंवा उत्पादकांनी नव्हे, तर चोरबाजारात हिंडणाऱ्या, रद्दीवाल्यांशी ओळखी ठेवणाऱ्या, स्वतःच्या दोन खोल्यांत तबकड्या रचून ठेवणाऱ्या रसिकांनी. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली ती अशाच माणसांच्या बळावर. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं. वस्तू त्यांच्या हातात होती म्हणून ती टिकली. तबकडी ऐकून झाल्यावर परत करायची असती, तर आज आपण कुणाचं काय ऐकलं असतं?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. ‘घरातली डिस्क बुडते’ हे कोकणात कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही ते शिरलं. २००५ च्या पुरानेही तिथल्या ग्रंथांवर घाला घातला होता. घरोघरच्या कपाटांची काय दशा झाली, ते चिपळूणकरांना विचारा. पूर नसला तरी इथली दमट हवा आहेच. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. घरात एकच प्रत असणं धोक्याचं आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण यातून निघतं काय? एका प्रतीच्या तीन करा, एवढंच निघतं. एक संगणकावर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. आमचे मित्र मात्र ‘क्लाउडवरही ठेवा’ यापासून निघून थेट ‘क्लाउडवरच ठेवा’ इथे पोचतात, आणि मधली उडी कुणाच्या लक्षात येत नाही. एक प्रत घरी ठेवण्यात जो धोका आहे, तोच एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवण्यात आहे. त्यात भर इतकीच, की ती काय अवस्थेत आहे ते आपल्याला पाहता येत नाही. म्हणूनच रोजचं ऐकणं घरच्या प्रतीवरून व्हावं, असा माझा आग्रह आहे. जी प्रत वाजत नाही ती बिघडली आहे, हे कळतच नाही. रोज वाजणाऱ्या संग्रहात एखादी फाइल अडखळली, की त्याच संध्याकाळी दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते. डिस्क नुसती कपाटात टाकून क्लाउडवरून ऐकत राहिलात, तर पाच वर्षांनी ती उघडेल की नाही हे सांगता येणार नाही.

आणि पुराच्या, वादळाच्या दिवसांत क्लाउडचं काय होतं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मंडणगड-दापोली भागातले विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस लाइट नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. पावसाळ्याआधी तांदूळ, लाकूडफाटा, सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या मुलखाला बेगमी म्हणजे काय ते शिकवायला नको. गाण्यांचीही ती करावी. एरवीसुद्धा रत्नागिरीहून मुंबईकडे निघालेली गाडी उक्षीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरली, की आलाप मध्येच तुटतो. अर्थात हा मुद्दा मी ताणणार नाही. उद्या बोगद्यात रेंज येईल, घाटात टॉवर उभे राहतील. तेव्हाही वर सांगितलेलं एकही कारण कमी होणार नाही.

जागा आणि डेटा यांचा हिशेब मात्र एकदा कागदावर मांडून पाहावा, कारण ‘परवडत नाही’ असं न मोजताच बोललं जातं. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं. अशी ५,००० गाणी ६० जीबीत मावतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात निम्मी जागा शिल्लक राहते. मूळ दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फाइली ठेवल्या तर जागा दुपटी-अडीचपटीने वाढते, तरी एका साध्या हार्ड डिस्कला ते जड नाही. २० एमबीपीएसच्या लाइनवर ६० जीबी सात तासांच्या आत उतरतात. रात्री लावून झोपलं तर सकाळी काम झालेलं असतं. उलट रोज दोन तास त्याच दर्जाचं गाणं क्लाउडवरून ऐकलं तर महिन्याला साडेआठ जीबीहून जास्त डेटा जातो, आणि सात महिन्यांत आपण अख्ख्या संग्रहाएवढा डेटा वापरलेला असतो. पुन्हा तितकाच पुढच्या सात महिन्यांत. नव्या फोनला कार्डाची खाच नसेल तर जुना फोन गाण्यांसाठी ठेवा. त्या कामाला तो पुरेसा आहे.

यावर ‘आम्ही ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवतो’ असं उत्तर मिळतं. ते पुरेसं नाही. स्पॉटिफायवर उतरवलेलं गाणं त्याच ॲपमध्ये वाजतं, आणि निदान ३० दिवसांतून एकदा ऑनलाइन जाऊन हजेरी लावावी लागते. वर्गणी थांबली की ते गेलं. आपण स्वतः यूट्यूब म्युझिकवर चढवलेली गाणीसुद्धा ॲपमध्ये उतरवली तर ॲपपुरतीच राहतात. मूळ फाइल हातात हवी असेल तर गूगल टेकआउटमधून मागवावी लागते. तिथे अर्ज केला की गठ्ठे तयार होऊन दुवा येतो. तो काही दिवसच चालू असतो, तेवढ्यात ते उतरवून घ्यायचे.

डाउनलोड म्हणजे चोरी, असाही एक समज आहे, आणि तो रुजायला कारण आहे. एके काळी बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत कार्डात गाणी भरून मिळत. ते गैर होतं आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण विकत घेतलेल्या सीडीची, स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणाची फाइल आपल्याच खात्यातून आपल्याच घरी आणण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा देतं आणि २०१२ च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती वाढली. शिवाय ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. जुन्या तबकड्यांवर तो हक्क आता उरलेलाही नाही.

शेवटी उरतो तो निराशेचा सूर: ‘मुलं ऐकत नाहीत, ठेवायचं कुणासाठी?’ माझा अनुभव असा नाही. शिमगा जवळ आला की नमनात उभे राहणारे तरुण जुन्या गवळणीची चाल विचारत येतात, कारण ती जाणणारे आजोबा आता नाहीत. गणपतीला आलेला चाकरमानी वाडीतल्या आरतीच्या जुन्या ठेक्याबद्दल विचारतो. त्यांच्या हातात द्यायला फाइल लागते, आणि फाइलीला नीट नाव लागतं. तेव्हा उतरवताना ‘ट्रॅक ०७’ तसंच ठेवू नका. बुवांचं नाव, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, वाडी, साल, प्रसंग हे सगळं देवनागरीत लिहा. जे आठवत नाही ते गावातल्या जाणत्यांना आत्ताच विचारून घ्या. आणि गणपतीत मंडळी जमतील तेव्हा एक डिस्क भजनी मंडळाकडे आणि एक मुंबईला जाणाऱ्या कुणाकडे तरी द्या.